डॉर्कसचा इजिप्तमधला मुक्काम

डॉर्कस ब्रुबेकर कुठलंही काम मधूनच सुरू करू शकत नसे. कपाट आवरायचं तर वरच्या फळीपासून. स्वेटर एका जागी चुकला तर पहिल्या टाक्यापर्यंत उसवायचा. चर्चमधल्या एखाद्या बाईच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करायची असली तरी ती आधी जगातली सगळी आजारी माणसं घेई, मग आपला देश, मग जुनिआटा नदीचं आपलं खोरं, मग चर्च, आणि गुडघ्यापर्यंत यायच्या आत बहुतेक वेळा तिचा डोळा लागलेला असे. देव समजून घेतो, असं ती म्हणायची. गुडघेवाल्या बाईंचं मत कुणी विचारलं नव्हतं.

मुलं चार. तिर्झा तेरा वर्षांची, तिच्या पाठचा एसा, मग मायका, आणि शेंडेफळ जुनिया. चौघांना ती घरीच शिकवायची. त्या खोऱ्यात त्याचं कुणाला नवल नव्हतं. गणित बरं चाललं होतं, वाचन तर उत्तम. सरकारच्या वार्षिक तपासणीचीही तिला कधी भीती वाटली नाही. भीती होती ती रस्त्याच्या पलीकडे राहणाऱ्या सासूबाईंची. आर्डिथबाईंनी गावातल्या शाळेत सारी नोकरी इतिहास शिकवण्यात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना शिकवायला कुणी उरलं नव्हतं.

इतिहास हेच तर डॉर्कसचं दुखणं होतं.

दर ऑगस्टात ती उत्साहानं सुरुवात करायची. अर्थातच सुरुवातीपासून. उत्पत्ती, जलप्रलय, मग इजिप्त. इजिप्तला आलं की कोंबडीची ममी करायची, ही घरी शिकवणाऱ्या आयांमधली रीतच होती. दुकानातून साफ केलेली कोंबडी आणायची, मीठ आणि खाण्याच्या सोड्यात पुरून ठेवायची, दर आठवड्याला मीठ बदलायचं, सुकली की दालचिनी चोळून पट्ट्यांत गुंडाळायची, आणि बुटांच्या खोक्यात घालून गोठ्यामागे दफन. यात दोन महिने सहज जात. तेवढ्यात हरणांच्या शिकारीचे दिवस येत, नवरा लायल बंदूक घेऊन डोंगरात जाई, मग नाताळ, मग एकेका पोराला ताप, मग शेळ्या व्यायच्या. मार्चमध्ये डॉर्कस मान वर करून बघायची तर इतिहास अजून नाईल नदीकाठी चिखलात बसलेला. "पुढच्या वर्षी नीट करू," असं ती म्हणे. आणि पुढच्या ऑगस्टात धाकट्यानं आधीचं ऐकलेलं नसे, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

अशी पाच वर्षं गेली. पाच कोंबड्या झाल्या. पहिली कुत्र्यानं उकरून काढली आणि नेमकी पाद्रीबुवा चहाला आले असताना त्यांच्या पायाशी आणून ठेवली.

घराच्या पॅसेजमध्ये डॉर्कसनं या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली होती. चित्रं काढायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी काळाप्रमाणे दोरीला लावायची. स्वयंपाकघराच्या दाराशी सृष्टीची सुरुवात, कोट टांगायच्या खुंट्यांवर इजिप्त, बाथरूमच्या दाराशी येशूचा जन्म. तिथून पुढे मुलांच्या खोलीपर्यंत दोरी मोकळी. खुंट्यांवर मात्र फारोंची इतकी गर्दी की हिवाळ्यात कोट काढताना एखादा राजा हमखास खाली पडायचा.

ही भानगड उघडी पडली ती थँक्सगिव्हिंगच्या जेवणात, आर्डिथबाईंच्या घरी. टर्कीचं ताट फिरत होतं. आर्डिथबाईंनी सहज विचारलं, "काय रे एसा, गेटिसबर्गला काय झालं होतं?"

यादवी युद्धातली मोठी लढाई झाली ते गेटिसबर्ग, गाडीनं जाऊन दुपारच्या जेवणाला परत येण्याइतकं जवळ.  "अजून तिथवर पोचलो नाही, आजी."

"मग कुठवर पोचलात?"

"हिक्सॉस लोकांनी इजिप्तवर स्वारी केली तिथवर."

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी पण त्यांनी केली होती," मायका म्हणाला.

आर्डिथबाईंनी काटा ताटात ठेवला. डॉर्कसला त्या काट्याचा आवाज फार मोठा वाटला. "लायल," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "तुझी पोरगी पुढच्या वर्षी नववीला. मेलेली कोंबडी टिकवता येते तिला, आणि स्वतःच्या देशाचं नाव तरी ठाऊक आहे की नाही देव जाणे. मी तुमच्या घरात नाक खुपसत नाही—"

"नाही ना?" लायल म्हणाला.

"खुपसत नाही. पण जूनपर्यंत हिला चार गोष्टी आल्या नाहीत, तर ऑगस्टात हिला शाळेत घाल. मी स्वतः जाऊन नाव घालते."

लायल दुधाचा टँकर चालवायचा. मितभाषी माणूस, आणि आईपुढे तर त्याहून मितभाषी. त्यानं डॉर्कसकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि ज्या आवाजात तो गाईचा सौदा पक्का करायचा त्याच आवाजात म्हणाला, "बरोबर आहे तिचं, डॉर्कस. जून."

भांडी पुसताना तिर्झा आईशेजारी येऊन उभी राहिली. "मला खरंच पाठवणार?"

"तुला जायचंय का?"

"नाही." तिर्झानं एकच बशी तिसऱ्यांदा पुसली. "पण आजीचं खोटं नाहीये, आई. मला रोमनंतर काय झालं तेच माहीत नाही. रोमसुद्धा मी फक्त दोरीवर रिकामं बघितलंय."

डॉर्कसला हे सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा लागलं. पोरगी आपल्याजवळ राहावी असं तिला जिवापासून वाटत होतं, आणि आता ती आपल्याच पायानं दूर जाईल असं दिसत होतं.

मग तिनं जे केलं ते घरी शिकवणाऱ्या आयाच करू जाणोत. चर्चमधल्या एका बाईच्या पोटमाळ्यावर एक अभ्यासक्रम पडून होता. तीन जाड पुस्तकं, नकाशांची वही आणि एक भलामोठा तक्ता. एका शैक्षणिक वर्षात सृष्टीपासून आजपर्यंत. त्या बाईनं तो देताना डॉर्कसचा हात दाबून "देव तुझ्या पाठीशी असो" असं म्हटलं होतं, त्यावरूनच काय ते कळायला हवं होतं. डॉर्कसनं तक्ता फ्रिजवर चिकटवला, आणि वर्ष निम्मं उरलेलं म्हणून रोजचा पाठ दुप्पट केला. पाव भाजताना वेळ मोजायचं टिकटिक घड्याळ टेबलावर आलं.

"आज काय?" मायकानं विचारलं.

"आज रोम पडायचं. जेवणाच्या आत."

"कालच तर बांधलं. मला आवडलं होतं."

"आवडून चालणार नाही राजा. पान उलट."

मध्ययुग एका मंगळवारात उरकलं, तेही एसाला दातांच्या डॉक्टरकडे नेताना गाडीत. जाताना प्लेग, येताना छापखाना. येताना एसाचा जबडा बधिर होता, म्हणून प्रश्न विचारले नाहीत. कोलंबस निघाला तेव्हा जुनिया टेबलाखाली झोपली होती, पोचला तेव्हाही झोपलेलीच होती. तिर्झा सगळं लिहून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तिला त्यातलं काही आठवायचं नाही. एसा एकदा वहीवर डोकं ठेवून रडला. कारण विचारलं तर म्हणाला, "सगळे मरतात आणि कुणी थांबत नाही."

तरीही डॉर्कस रेटत राहिली. तिचं ओरडणं वाढलं. आणि फेब्रुवारीत, फ्रेंच राज्यक्रांतीच्या ऐन मध्यावर, तिचा आवाज गेला.

म्हणजे साफच गेला. तोंड उघडलं तर नुसती हवा. डॉक्टर म्हणाला, स्वरयंत्र सुजलंय, दोन आठवडे एक शब्द नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजणं तर त्याहून वाईट.

"दोन आठवडे?" लायल म्हणाला. चेहरा काळजीचा ठेवायला त्याला बरेच कष्ट पडले.

डॉर्कसनं मायकाची छोटी पाटी घेतली आणि तिच्यावर सूचना लिहू लागली. पण पाटीवरचं वाचायला पाटीकडे बघावं लागतं, ही सोय पहिल्या दिवशीच मुलांच्या लक्षात आली. ती "तक्ता!!" असं लिहून पाटी हलवायची आणि चौघं नेमकी खिडकीबाहेर काहीतरी शोधत असायची. दुसऱ्या दिवशी तिनं पळीनं पातेलं बडवून पाहिलं. जुनिया नाचू लागली.

शेवटी ती सोफ्यावर घोंगडी घेऊन पडली आणि देवाशी बोलू लागली. आवाज नव्हता, डोकं दुखत होतं, त्यामुळे जग, देश, खोरं, चर्च या नेहमीच्या वाटेनं जायची ताकद नव्हती. ती एवढंच म्हणाली, देवा, तिर्झा. झालं. आणि तिला जरा नवल वाटलं, की एवढ्यावरही त्यानं ऐकल्यासारखं वाटलं. रविवारीसुद्धा पाद्रीबुवा कुठे उत्पत्तीपासून सुरू करतात? पोथी मधूनच कुठेतरी उघडतात. आणि दर जानेवारीला बायबल पहिल्या पानापासून वाचायचा निश्चय करणारी सगळी मंडळी, तिच्यासकट, फेब्रुवारीत लेवीयच्या पुस्तकात बळी दिलेल्या बकऱ्यांपाशी अडकलेली असतात. त्यावरून कुणाची श्रद्धा कमी झाल्याचं तिनं तरी पाहिलं नव्हतं.

पुढचा विचार करायच्या आत पोरं लायब्ररीतून परत आली. लायलनं टँकरवर जाताना त्यांना तिथे सोडलं होतं आणि "काय हवं ते घ्या" असं म्हटलं होतं. डॉर्कसनं हे चार शब्द आयुष्यात कधी उच्चारले नव्हते.

एसानं गावाजवळून पूर्वी जाणाऱ्या कालव्याचं पुस्तक आणलं. चाऱ्याच्या गिरणीमागे ती जी लांबलचक झुडपांची खाई आहे, तीच ती. मायकानं समुद्री चाचे आणले. आणि तिर्झानं आणलं ते पुस्तक बघून डॉर्कसनं डोळे मिटले. यादवी युद्धात सैनिकांची प्रेतं कशी टिकवायचे, त्याचं.

"आई, ऐक ना," तिर्झा सोफ्याच्या कडेला बसली. आईला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "छावणीबाहेर तंबू टाकून बसायचे हे लोक. मसाला भरून प्रेत रेल्वेनं घरी पाठवायचे. आपल्यापेक्षा पुष्कळ लवकर व्हायचं त्यांचं. आपण फार मीठ वापरतो."

अशा रीतीनं पोरीनं इजिप्तमधून जी उडी मारली ती थेट मुलांच्या खोलीच्या दाराशी. मधली सगळी दोरी मोकळीच. डॉर्कसचा हात पाटीकडे गेला. रोम, इंग्लंड, वसाहती, काहीच न होता? पण तिर्झा वाचतच सुटली होती. गेटिसबर्गनंतर आया आणि बायका गाड्या भरभरून कशा आल्या, शेतांतून आपला माणूस शोधत कशा फिरल्या. एसानं चाकूनं लाकूड तासायचं थांबवलं होतं.

"पण ते भांडत कशासाठी होते?" मायकानं विचारलं.

डॉर्कसला या प्रश्नाचं उत्तर येत होतं. तक्त्यात त्याला तीन दिवस होते, कारणं, परिणाम आणि नकाशा. ती नुसतं बघत राहिली.

"गुलामांसाठी," तिर्झा म्हणाली. "दक्षिणेतल्या लोकांना सोडायचे नव्हते."

मायकानं विचार केला. "म्हणजे फारोसारखं. तो पण म्हणाला होता सोडत नाही. पण मग इथे त्यांना सोडवून नेणारा मोशे कोण?"

"एक नव्हता," तिर्झा म्हणाली. "थांब, बघते." आणि पानं उलटायला लागली.

डॉर्कसनं पाटी घोंगडीखाली सरकवली. पाच वर्षं पोरांनी इजिप्तमध्ये नुसतं मीठ बदललं असं तिला आजवर वाटत होतं.

त्यानंतर घरात जे चाललं त्याला शाळा म्हणावं की जत्रा, हा प्रश्नच होता. जो तो आपापलं वाचायचा आणि जेवताना दुसऱ्याला छळायचा. दोरीवर कुठेही काहीही लागू लागलं. एका दुपारी आर्डिथबाई सूनबाईसाठी मक्याचं सूप घेऊन आल्या, तर बर्फ वितळून भरलेल्या चरात जनावरांच्या पाण्याचं पत्र्याचं टाकं तरंगत होतं. त्यात जुनिया छत्री उघडून बसली होती. काठावरून मायका गळ्यात दोर अडकवून चार पायांवर चालला होता आणि एसा मागून त्याला हाकत होता. खिडकीत डॉर्कस उभी, तोंडातून शब्द नाही.

"हा कुठला तास?" आर्डिथबाईंनी विचारलं.

"इतिहासाचा, आजी. ही कालव्यातली नाव. मी हाक्या. माझ्याएवढीच पोरं हाकायची."

"आणि हा?"

"मी खेचर," मायका खालूनच म्हणाला.

 डॉर्कसनं खिडकीतून बघितलं, सासूबाईंचा जबडा घट्ट झाला होता. संपलं सगळं, जूनपर्यंत थांबायलाही नको.

"सुकाणूवर कोण आहे?" त्या म्हणाल्या.

"कुणी नाही."

"मग नाव काठालाच येऊन घासणार. दोर काठावरून ओढतो ना? मागं कुणीतरी तिला बाहेर वळवायला हवं. इतकंही वाचलं नाहीस? तो झाडू आण." आणि आर्डिथबाई चर्चला जायचा निळा कोट घातलेल्या तशाच चराच्या काठी बसल्या, झाडू टाक्याच्या मागच्या कडेला लावला आणि म्हणाल्या, "हं, खेचर. चल."

सूप गार झालं. अंधार पडू लागला तेव्हा त्या स्वयंपाकघरात पाय शेकत बसल्या होत्या आणि तिर्झा त्यांच्या बुटांतला चिखल काढत होती. "आजी, तुमच्या वर्गात वर्षाच्या शेवटी काय शिकवायचात?"

"दुसरं महायुद्ध."

"मग त्यानंतरचं?"

आर्डिथबाईंनी चुलीकडे बघितलं. "त्यानंतरचं नाही. सप्टेंबरात पहिल्या पानापासून सुरू करायची मी. मध्ये बर्फाच्या सुट्ट्या, मध्ये परीक्षा. मे महिन्यात कसंबसं महायुद्ध सुरू व्हायचं आणि जूनमध्ये शाळा सुटायची. खरं सांगायचं तर माझ्या वर्गात ते कधी संपलंच नाही."

"म्हणजे तुम्ही पण दरवर्षी पहिल्यापासून?" एसा म्हणाला.

"कोंबड्या नाही खारवल्या मी," आर्डिथबाई म्हणाल्या, आणि सूप पुन्हा गरम करायला उठल्या.

दोन आठवडे उलटले. डॉर्कसचा आवाज आला, पण तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सकाळी ती गोठ्यात शेळ्यांशी थोडं बोलून घ्यायची आणि घरात शिरताना ओठ मिटायची. गप्प राहून ऐकण्यात तिला इतकी गोडी लागली होती की यात काही पाप असलं तर लहानसंच असेल, असं तिनं ठरवलं. शेवटी थोरल्या शेळीनं तिच्या पायावर पाय दिला आणि ती अशी किंचाळली की रस्त्यापलीकडे आर्डिथबाईंनी दार उघडून काय झालं म्हणून विचारलं. तक्ता मात्र तिनं त्यानंतर फ्रिजवर ठेवला नाही. त्या बाईच्या पोटमाळ्यावर परत पोचवून आली. बाई म्हणाली, "कितव्या शतकापर्यंत?" डॉर्कस म्हणाली, "अठराव्या." बाईनं मान डोलावली. "आमचं सोळाव्यातच."

पण जून काही चुकणार नव्हता.

पहिल्या रविवारी चर्चनंतर आर्डिथबाई जेवायला आल्या. हॅम, शेवया, लोणच्यातलं बीट. तिर्झानं निम्मंच खाल्लं. डॉर्कसनं तेवढंही नाही. जेवणानंतरचा गोड पै आणायच्या आधी आर्डिथबाईंनी रुमालानं ओठ टिपले आणि म्हणाल्या, "तर मग. विचारू?"

"विचारा, आजी," तिर्झा म्हणाली.

गेटिसबर्गचं विचारलं. तिर्झा त्यावर इतकं बोलली की लायलनं हॅमची बशी बाजूला सरकवली. गुलामांना उत्तरेकडे पळायला कोण मदत करायचं, ते तिनं सांगितलं, आणि मायकानं मध्येच "ते पुष्कळ मोशे होते" अशी भर घातली. कालव्याचं एसानं हिसकावून घेतलं. राज्यघटना कुठे लिहिली गेली ते तिर्झाला आलं, कधी ते दहा वर्षं इकडेतिकडे झालं. पहिलं महायुद्ध अर्धंमुर्धं. शंभर वर्षांचं युद्ध म्हटल्यावर ती म्हणाली, "ते गाडीत झालं, मला नीट आठवत नाही."

"बरं. लिंकननंतर राष्ट्राध्यक्ष कोण?"

 तिर्झानं छताकडे पाहिलं, मग आईकडे. डॉर्कसच्या ओठांवर नाव आलं होतं. तिनं टेबलाखाली हात घट्ट धरले आणि मनात म्हटलं, देवा, तिर्झा.

"लिंकनचं प्रेत रेल्वेनं कुठून कुठून नेलं ते सांगू का?" तिर्झा म्हणाली. "हॅरिसबर्गवरूनच गेली ती गाडी. पण नंतर कोण आलं ते नाही माहीत."

"नाही माहीत," आर्डिथबाई सावकाश म्हणाल्या. "एवढी साधी गोष्ट. शाळेतल्या कुठल्याही पोराला येईल. लायल, सांग हिला."

लायलच्या तोंडात शेवई होती. त्यानं ती गिळली. "मी?"

"तूच. माझ्याच वर्गात होतास. पहिल्या बाकावर बसवायची मी तुला."

लायल पाणी प्यायला. जुनियासुद्धा त्याच्याकडे बघत होती. "ग्रँट," तो म्हणाला.

 आर्डिथबाई त्याच्याकडे अशा बघत होत्या, जसं ते पोर आपल्याला आजच पहिल्यांदा दिसतंय.

"ग्रँट नाही?" लायल म्हणाला.

"तुला नव्वद मार्क दिले होते मी."

"पेपराच्या आदल्या रात्री येत होतं मला."

आर्डिथबाईंनी बिटाची वाटी दूर सारली. मग म्हणाल्या, "राहू दे हिला घरीच. शाळेत घालून याच्यासारखी झाली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

तिर्झानं आईकडे पाहिलं. डॉर्कसला काही बोलता येईना. या वेळी घशाचा काही संबंध नव्हता. ती उठून पै आणायला गेली, आणि स्वयंपाकघरात पैसमोर जरा जास्तच वेळ उभी राहिली.

परत आली तर टेबलाशी सासूबाई एकट्याच होत्या. बाप आणि पोरं आतल्या खोलीत जमिनीवर बसून पुस्तकं चाळत होती.

"जॅक्सन असेल, बाबा," आतून तिर्झाचा आवाज आला.

"जॅक्सन वीस डॉलरच्या नोटेवर आहे. म्हणजे कधीतरी होता खरा."

"ते पान इकडे द्या. तुम्ही उलटं धरलंय."

आर्डिथबाईंना उत्तर ठाऊक होतं. खुर्चीत त्या पुढे सरकल्या होत्या, ओठ उघडून मिटत होत्या, बोटं टेबलावर वाजत होती. डॉर्कसला वाटलं, आता या बोलणार. तिनं पैचा मोठा तुकडा कापला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"खा, आई," ती हळूच म्हणाली. "सापडेल त्यांना."

आर्डिथबाईंनी काटा उचलला आणि तोंड भरून घेतलं.